दाढीचा ब्रश रुळवताना

माझा नवा दाढीचा ब्रश डुकराच्या केसांचा आहे, हे मी घरात मोठ्या अभिमानाने जाहीर केलं तेव्हा बायको पोहे भिजवत होती. तिने चाळणी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "कशाच्या?"

"डुकराच्या. पण साध्यासुध्या नाही. बाहेर देशातून आलाय."

"बाहेर देशातून आलं म्हणून काय त्याचं हरीण होते का जी?"

आता या बाईशी काय बोलायचं! तीस वर्षं मी तिच्याशी बोलतोय आणि तीस वर्षं शेवटचं वाक्य तिचंच असतं. मी ब्रश उचलला आणि बेसिनकडे निघून गेलो.

सांगायचं म्हणजे, माझी रिटायरमेंट वर्षभरावर आलेली. ऑफिसात मी बडे बाबू. या पदाचा अर्थ असा की काम कोणाचंही असो, सही माझ्या टेबलावरून जाते आणि शिवी मला पडते. रिटायर होणाऱ्या माणसाला आपल्याकडे सगळे एकच उपदेश करतात, "कोई हॉबी पाल लो, बडे बाबू, नहीं तो साल भर में निपट जाओगे." माझ्या आधी रिटायर झालेले एकजण रोज सकाळी बागेत जाऊन गोल करून हसतात. चाळीस वर्षं ऑफिसात त्यांना कोणी हसताना पाहिलं नव्हतं, आता पहाटे उठून नियमाने हसतात. दुसऱ्यांनी कुंडीत वड लावलाय आणि तो वाढू नये म्हणून ते दिवसभर त्याला छाटत बसतात. ऑफिसात हाताखालच्या लोकांशी त्यांचं वागणं तसंच होतं, त्यामुळे त्यांना जड जात नसावं.

मला हॉबी मोबाइलने दिली. एके दिवशी यूट्यूबवर एक माणूस दिसला. छातीपर्यंत दाढी. आणि तो दाढी कशी करायची ते शिकवत होता! मी म्हटलं घ्या, आता हेच पाहायचं राहिलं होतं. पण तो म्हणाला, "आजवर तुम्ही दाढी केलीच नाही, फक्त केस कापलेत." आणि हे वाक्य मला लागलं. चाळीस वर्षं मी चार मिनिटांत, नळाचं पाणी जायच्या आत, ट्यूबमधली क्रीम फासून गाल खरडत आलो होतो. आणि आता कळलं की ते सगळं चुकीचं होतं. एखाद्याने येऊन तुमचं अख्खं सर्व्हिस बुक रद्द करावं तसं मला झालं.

मग मी एका ग्रुपमध्ये शिरलो. व्हॉट्सअपवर. देशभरातले पोट सुटलेले पुरुष तिथे रोज सकाळी आपापल्या फेसाचे फोटो टाकतात. कोणी लिहितं, "आज तो मलाई बन गई." खाली पंधरा जण टाळ्या वाजवतात. कोणी आपल्या वाटीचा फोटो टाकतो, कोणी गालाचा. माझ्या लग्नाचा अल्बमसुद्धा कोणी इतक्या बारकाईने पाहिला नाही. त्या ग्रुपने ठरवलं की मला ब्रश हवा, आणि ब्रश नैसर्गिक केसांचाच हवा. प्लास्टिकच्या तंतूंचा ब्रश वापरणाऱ्याला तिथे जेवायला बोलावतील, पण पंक्तीत बसवणार नाहीत.

ब्रश आला आणि सोबत नियम आले. नवा ब्रश तीन आठवडे तोंडाला लावायचा नाही. आधी तो रुळवायचा. रोज कोमट पाण्यात भिजत घालायचा, तळहातावर साबणाचा फेस काढायचा, फेसासकट तसाच ठेवायचा, मग धुवायचा, झटकायचा, उलटा टांगून वाळवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं करत गेलं की केसांची टोकं फुटतात, मऊ होतात, आणि मग तो गालावर लोण्यासारखा फिरतो म्हणे. तोवर तो नुसता खराट्यासारखा टोचतो आणि वास मारतो.

वासाबद्दल मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ब्रश भिजवला आणि घरभर ओल्या जनावराचा वास सुटला. बायको नाकाला पदर लावून आली. "हे घरात चालणार नाही. करायचं ते मागे नळावर करा." अशा रीतीने माझी हॉबी पहिल्याच दिवशी मागच्या अंगणात हद्दपार झाली.

मागच्या अंगणात नळाशेजारी सकाळचं ऊन येतं, आणि त्या उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर माझे वडील बसलेले असतात. वय चौऱ्याऐंशी. ऐकू कमी येतं, बोलतात त्याहून कमी. आमच्या घरात त्यांच्याशी होणारी बातचीत म्हणजे चहा, गोळी आणि पेपर. चहा घेतला का, गोळी घेतली का, पेपर वाचून झाला का. तिन्हीचं उत्तर "हौ". मी बादलीशेजारी बसून तळहातावर ब्रश घासत होतो, तर खुर्चीतून आवाज आला.

"उकळणं कच्चं राह्यलं याचं."

मी वर पाहिलं. बाबा नाकाने हवा ओढत होते. डोळे मिटलेले.

"आण इकडे," ते म्हणाले.

आता इथे मला ती गोष्ट सांगावी लागेल जी मी पन्नास वर्षं कोणाला सांगितली नाही. बायकोला माहीत आहे, पण तेही मी सांगितलं म्हणून नव्हे, कुठून तरी कळलं म्हणून. माझे वडील भंडाऱ्याकडच्या खेड्यातून विशीत जबलपूरला आले आणि गोहलपूरच्या एका गल्लीतल्या कारखान्यात लागले. तिथे डुकराचे केस यायचे, पोत्यांनी. ते धुवायचे, उकळायचे, लोखंडी दातांच्या फणीतून ओढायचे, लांबीप्रमाणे आणि रंगाप्रमाणे वेगळे करायचे, मुळाकडची बाजू एकीकडे, टोकाकडची एकीकडे करून जुड्या बांधायच्या. मग त्या जुड्या कुठे कुठे जायच्या आणि त्यांचे ब्रश व्हायचे. बावीस वर्षं बाबांनी हे केलं.

घरी आले की आधी सार्वजनिक नळावर दोनदा आंघोळ करायचे. तरी नखांत वास राहायचा. ते मला अभ्यासाला घेऊन बसायचे आणि वहीवर बोट ठेवायचे, तेव्हा मी श्वास रोखून वाचायचो. शाळेच्या फॉर्मवर 'पिता का व्यवसाय' या रकान्यात मी 'नौकरी' लिहायचो आणि पुढचा रकाना घाईघाईने भरायचो.

आणि लाज फक्त बाहेरच्यांचीच होती असं नाही. आपल्या माणसांत ती जास्त होती. आम्ही विहारात जाणारे लोक. तिथे व्यासपीठावरून वक्ते सांगायचे, असली घाण कामं सोडा, माणसासारखं जगा. बरोबरच सांगायचे. बाबा शेवटच्या ओळीत बसून ऐकायचे आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कारखान्यात. काम सोडा म्हणणारे पुष्कळ होते, सोडून जायचं कुठे हे सांगणारा कोणी नव्हता. त्याच केसांवर मी बी.कॉम. झालो, आणि बी.कॉम. झाल्यावर त्या केसांचं नाव घेणं बंद केलं.

कारखाना बंद पडला तेव्हा बाबा रिछाईच्या एका फॅक्टरीत गेटवर लागले. आठ वर्षं चौकीदार. आम्ही कांचघरच्या कॉलनीत राहायला आलो तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगितलं, "पिताजी रिछाई में थे, फैक्टरी में, सुपरवाइजर." तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. गेटवर देखरेख करतच होते. बावीस वर्षं गेली आणि आठ वर्षं राहिली. हा हिशोब मी इतक्या सहज केला की नंतर मलाच तो खरा वाटायला लागला.

तर बाबांनी तो ब्रश हातात घेतला. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा मला काही तरी वाईट वाटेल असं बोलतील. त्यांनी ब्रश उलटा केला, अंगठ्याने केस दाबून उघडले, आणि आत असं पाहिलं जसा डॉक्टर जिभेखाली पाहतो.

"काळा आणि भुरा मिसळवला आहे. कामचोर लोक. हे पाह्य, तीन केस उलटे बांधले."

"उलटे म्हणजे?"

"मूळ वर, टोक खाली. हे गालाले टोचत राह्यतील जिंदगीभर. चिमटा आण."

चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी, त्या माणसाने शेकडो केसांमधून तीन उलटे केस शोधून काढले. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला दिसले कसे?" ते म्हणाले, "दिसले काहून म्हणतं? हाताले लागले." मग त्यांनी त्यातला एक केस अंगठा आणि बोटात धरला आणि हलके चोळायला लागले. केस बोटांमधून आपोआप सरकायला लागला, एका बाजूला, मुंगी चालावी तसा.

"ज्या दिशेले चालते ना, तिकडे मूळ. केस खोटं बोलत नाही."

मी तो केस घेऊन करून पाहिलं. माझ्या बोटांत तो जागचा हलला नाही. बाबा हसले. माझ्या वडिलांना दात नाहीत हे मी तेव्हा नीट पाहिलं, कारण हसताना ते मला फार दिवसांत दिसलेच नव्हते.

त्या दिवसापासून ब्रश माझा राहिला नाही. मी उठायच्या आत बाबा नळावर हजर. कोमट पाणी बायकोकडून मागून घेतलेलं. "सूनबाई, बोट बुडालं पाहिजे आणि भाजलं नाही पाहिजे, इतकंच गरम." बायको, जी माझ्यासाठी चहा दुसऱ्यांदा गरम करत नाही, ती मुकाट्याने पाणी आणून द्यायची. तिला वास चालायला लागला होता. म्हणाली, "मामाजी बोलून राहिले बाप्पा, येऊ दे वास."

आणि बाबा बोलत होते. कुठल्या भागातला केस जाड, कुठला लवकर तुटतो. उन्हाळ्यात काढलेला केस कसा कुचकामी. फणी ओढताना तळव्याला कसे घट्टे पडायचे. त्यांचा एक साथीदार नुसत्या वासावरून सांगायचा की माल किती दिवसांचा आहे. ब्रश तळहातावर गोल गोल फिरवत ते मला म्हणाले, "घाई नको करू. टोक फुटू दे. फुटल्याबिगर पाणी धरत नाही तो."

मी काय करत होतो? तर मी हे सगळं मोबाइलवर टाइप करून ग्रुपवर टाकत होतो. माझ्या नावाने. "मेरा अनुभव है कि नए ब्रश में उल्टे बाल पहले निकाल दें." काय सांगू, ग्रुप वेडा झाला. इंदूरच्या एकाने मला 'उस्ताद' म्हटलं. दुसऱ्याने विचारलं, गुरुजी, ये विद्या कहाँ से पाई? मी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि विषय बदलला. एकवीस दिवसांत मी त्या ग्रुपचा अधिकारी पुरुष झालो. ऑफिसात ज्या पदावर पोचायला मला अठ्ठावीस वर्षं लागली, त्याहून वरच्या पदावर.

याच एकवीस दिवसांत मुलीचं ठरत होतं. मुलगी पुण्याला नोकरीला. तिच्याच ओळखीतला मुलगा, नागपूरचा, आपल्यातलाच. त्याचे वडील मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले साहेब, आई प्राध्यापक. रविवारी ते लोक आमच्या घरी येणार होते आणि मुलगीही पुण्याहून येणार होती. मुलीला मुलगा पसंत होता हे तिने मला तीन शब्दांत सांगितलं होतं, "पापा, अच्छा है." माझी मुलगी मराठी समजते सगळी, बोलते मोजकी. ती भांडणारी नाही. म्हणजे हे जमलं नसतं तर ती एक अक्षर न बोलता पुण्याला निघून गेली असती, आणि मला जन्मभर वाटत राहिलं असतं की माझ्यामुळे झालं. त्या साहेबांच्या घरात तिसरी पिढी शिकलेली. आणि आमच्या घरात केसांच्या पोत्यांवरून उठून आलेला माणूस अजून अंगणात बसून केसांच्याच गोष्टी सांगतोय. एरवी बोलत नव्हते तेव्हा काळजी नव्हती. नेमकं आत्ताच तोंड उघडलं!

गुरुवारी सकाळी मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो. भाषण तयार करून आलो होतो.

"बाबा, रविवारी पाहुणे येतील. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"हौ."

"तुम्हाला कोणी विचारलं काय करत होते, तर रिछाई सांगा. फॅक्टरी. सुपरवायझर."

"गेटवर होतो म्हणू?"

"गेट नका म्हणू. नुसतं सुपरवायझर. आणि केसांचं काही काढू नका. अजिबात."

त्यांच्या हातात ब्रश होता. तो त्यांनी नळाखाली धरला, धुतला, झटकला. दोनदा झटकायची त्यांची पद्धत, तशी दोनदाच.

"सुपरवायजर," ते म्हणाले. "बरं."

मला वाटलं होतं वाद घालतील. घालायला हवा होता. मीच माझ्या मनात त्यांच्या बाजूने दोन-तीन चांगले मुद्दे काढून ठेवले होते आणि त्यांची उत्तरंही. ती सगळी वाया गेली.

रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "आज लाव तोंडाले. झाला तो." मी अंगणात आरसा टांगून पहिल्यांदा त्या ब्रशने फेस लावला. खोटं सांगत नाही, तो दाढीवाला यूट्यूबवाला खरं बोलत होता. टोचणं नाही, वास नाही, पाणी बरोबर तेवढंच सुटतंय. दाढी झाल्यावर बाबा खुर्चीतून उठले, माझ्याजवळ आले आणि बोटांच्या मागच्या बाजूने माझ्या गालावरून हात फिरवला. वरून खाली, खालून वर. पन्नास वर्षांनी त्यांचा हात माझ्या तोंडाला लागत होता. मी सवयीने श्वास रोखला.

"जमलं," ते म्हणाले आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला आत गेले.

पाहुणे अकराला आले. साहेब, बाई आणि मुलगा. जयभीम झाला, पोहे झाले, खोव्याची जिलबी झाली. साहेब दिसायला कडक पण माणूस मोकळा. बाई माझ्या मुलीशी बोलत होत्या, मुलगा माझ्या मुलीकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होता. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. मधूनमधून त्यांचे ओठ हलत होते. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग साहेब जिलबीचे हात धुवायला बेसिनवर गेले आणि परत येताना, मी सकाळी तिथे वाळत टांगलेला ब्रश हातात घेऊनच आले.

"अहो, हा तुमचा? नैसर्गिक केसांचा आहे ना? आमच्या चिरंजीवांनी मला असाच एक दिलाय वाढदिवसाला. इतका टोचतो की मी कपाटात टाकून दिला. तुमचा तर काय मऊ आहे!"

बस. एवढंच निमित्त पुरलं. एकवीस दिवसांचा उस्ताद माझ्या अंगात संचारला. मी उभा राहिलो आणि सुरू झालो. डुकराचा केस म्हणजे काय, इथपासून. पाहुण्यांसमोर, जिलबीच्या ताटल्यांवर, मी डुकराचा केस म्हणत होतो, आणि कोणाला काही वाटत नव्हतं! उलट साहेब पुढे सरकून ऐकत होते. बाई म्हणाल्या, "किती अभ्यास आहे तुमचा." मुलाने मोबाइल काढून माझा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. मी उकळणं सांगितलं, फणी सांगितली, काळा-भुरा सांगितला, उलटे केस कसे हाताला लागतात ते सांगितलं. मग म्हटलं, आता गंमत दाखवतो. ब्रशमधून एक केस उपटला, बोटांत धरला आणि चोळायला लागलो. "बघा, मुळाच्या दिशेने चालतो."

केस चालेना. मी जोर लावला. तरी चालेना. खोलीत सगळे माझ्या बोटांकडे बघतायत. आणि कोपऱ्यात बाबांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, अंगठा आणि बोट हवेतच चोळायला लागलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "असं नाई रे, हलक्या हा..."

आणि ते थांबले. हात परत गुडघ्यावर गेला.

साहेब वळले. "आजोबा, तुम्हाला येतं वाटतं हे?"

बाबांनी साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मला काही बोलायला पुष्कळ वेळ होता. खोटं नाही सांगत, एक पूर्ण वाक्य बोलून होईल इतका वेळ होता. मी हातातल्या केसाकडे बघत राहिलो.

"नाही जी," बाबा म्हणाले. "मी रिछाईले होतो. फॅक्टरीत."

"अच्छा! काय म्हणून?"

"सुपरवायजर."

"वा, वा." साहेब पुन्हा माझ्याकडे वळले. "मग तुम्ही हे एवढं शिकलात कुठे?"

"यूट्यूबवर," मी म्हणालो.

सगळे हसले. बाई म्हणाल्या, या वयात शिकायची हौस पाहिजे. बाबांनीही मान हलवली आणि म्हणाले, "हौ, आजकल मोबाइल में सब रहता है."

दुपारी दोनला सोयरीक पक्की झाली. साहेब जाताना माझा हात धरून म्हणाले, आता तुमच्याकडूनच ब्रश रुळवून घेणार. मुलीने पहिल्यांदाच माझ्या गळ्यात हात टाकला. बायको स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. संध्याकाळी मी म्हटलं, "बघ, झालं की नाही सगळं नीट?" तर ती म्हणाली, "लाज वाटली मले तुमची." आणि भांडी घासायला लागली.

सोमवारी सकाळी मी ब्रश घेऊन अंगणात गेलो. बाबा उन्हात बसलेले, पाणी भरून ठेवलेलं, बोट बुडेल इतकंच गरम. ते रागावले असते तर मी काही तरी म्हटलं असतं. रात्रभर मी त्याचीच तयारी केली होती. माफी मागणारं एक वाक्य होतं, आणि पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता म्हणणारं एक. कुठलं आधी बोलायचं ते ठरत नव्हतं, म्हणून मी गालाला फेस लावायला घेतला.

"लग्न नागपूरले होईन ना?" बाबांनी विचारलं.

"हो. त्यांच्याकडचे पुष्कळ लोक आहेत, तिथेच बरं पडेल."

"साहेब लोक येतील सगळे."

"येतील."

त्यांनी हात लांबवून टपकणारा नळ घट्ट केला. मग म्हणाले, "एक काम कर. तिथं मले कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते एका कागदावर लिहून दे. मोठ्या अक्षरात. काल तो शब्द मी सकाळपासून घोकून राह्यलो होतो, तरी घाबरलो. इतक्या लोकांत चुकून दुसरं काही निघून गेलं तर पोरीचं नुकसान होईन."

मी वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा असता तर फार बरं झालं असतं. टोमणा नव्हता. ते शर्टाचा वरचा खिसा चाचपून पाहत होते, कागद त्यात मावेल की नाही ते.